लोकेशन नको, तिथी विचारा

परवा एका पेजवर रत्नागिरीजवळच्या एका घळीचा व्हिडिओ आला. कोकणातलं गुप्त ठिकाण, कुणालाच माहीत नाही, वगैरे. हिरवं पाणी, काळा कातळ आणि गुहेच्या तोंडातून दिसणारा सूर्यास्त. तेव्हापासून मला मेसेज येतायत, "तुम्ही तिथल्याच ना, लोकेशन पाठवा." कॉलेजच्या मैत्रिणींनी विचारलं, पुण्याच्या मामेबहिणीनं विचारलं, ओळख ना पाळख अशा माणसांनीही विचारलं. मी कुणालाही पाठवलं नाही. काहींना राग आला. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की ती घळ गुप्त नाही. आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिच्या तोंडाशी कालवं काढायला जातात. गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जाणाऱ्या माणसांना तिथला दगड न्‌ दगड ठाऊक आहे. ज्या जागेवर लोकांच्या घरचं कालवण अवलंबून आहे तिला "कुणालाच माहीत नाही" म्हणायचं, हे मला लागतं. माहीत असलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही, एवढंच.

आता माझी गोष्ट. मी दहावीची परीक्षा दिली होती, धाकटा भाऊ आठवीत, आणि मुंबईहून आलेला आतेभाऊ. मे महिना. आजीची दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, हे मला पक्कं आठवतं, कारण उपासाचे वरीचे तांदूळ आणायला म्हणून आम्ही घरातून निघालो आणि दुकानाऐवजी खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. पाणी लांब होतं, खडप उघडा पडला होता, घळीच्या तोंडापर्यंत चालत जाता येत होतं. आत गारवा. वरून एकेक थेंब पडत होता. आतेभाऊ हाका मारून घुमणारा आवाज ऐकत होता.

भरती पहिल्या तासा-दीड तासात अंगाला लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासाला ती धावते. आम्ही आत असताना मागची वाट कधी गेली ते कळलंच नाही. आधी पावलं भिजली, मग गुडघे, आणि मग एक लाट अशी आली की भाऊ भिंतीवर आपटला. त्याच्या कोपराचं सालटं निघालं. तोंडाबाहेर बघितलं तर ज्या दगडांवरून आलो होतो त्यांच्यावरून पांढरा फेस वाहत होता.

आमच्या ओरडण्यानं शेजारचे तात्या वर कड्यावर आले. ते पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला निघाले होते. त्यांनी खाली उडी मारली नाही, होडी आणायला पळाले नाहीत. वरूनच मोठ्यानं ओरडले, "बाय, भिंतीवर बघ! कवचं खंयपर्यंत हायत? त्याच्या वर चढा आणि बसा! हलू नका! चार वाजल्यावर मी येतो!"

भिंतीवर बघितलं. कातळाला घट्ट चिकटलेली बारीक, धारदार कवचं एका उंचीपर्यंत दाट होती आणि मग एकदम संपत होती, जणू कुणी रेघ ओढली आहे. त्या रेघेच्या वर एक अरुंद पायरीसारखा कातळ होता. तिथं आम्ही तिघं पाय पोटाशी घेऊन बसलो. सव्वादोनच्या सुमाराला पाणी त्या रेघेशी येऊन थांबलं. रेघ ओलांडून फक्त तुषार येत होते. मग ते उतरायला लागलं. चार वाजून गेल्यावर तात्या खडपावरून चालत आले, कंबरेएवढ्या पाण्यातून भावाला खांद्यावर घेतलं आणि आम्हाला बाहेर काढलं. रागावले नाहीत. घरी पोचल्यावर मला एवढंच विचारलं, "आज तिथी कंची होती गो?"

वद्य तृतीया होती. संकष्टीचा आदला दिवस.

त्या संध्याकाळी त्यांनी मला जो हिशेब शिकवला तो आमच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीया, म्हणजे तीन, त्याची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती. त्याआधी सहा तास, सकाळी आठ-सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. आम्ही दहाला आत शिरलो तेव्हा पाणी दोन तास वर चढत होतं आणि आम्हाला वाटत होतं की अजून ओहोटी आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. चतुर्दशीला साडेदहा. थोडं मागेपुढे होतं, पण घड्याळ आणि कालनिर्णय असलं की कुणालाही जमतं. शिवाय पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं आणि जास्त खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

आता तो व्हिडिओ पुन्हा आठवा. घळीच्या तोंडात उभं राहून सूर्यास्त. ओहोटी आणि सूर्यास्त एकत्र येतात ते महिन्यातले मोजकेच दिवस, पुनव-अवसेच्या आसपासचे. ज्यानं शूटिंग केलं त्याचं नशीब चांगलं होतं, किंवा त्याला कुणीतरी माहितगारानं नेलं होतं. तोच व्हिडिओ बघून कुणी सप्तमी-अष्टमीला संध्याकाळी सहाला तिथं पोचला, तर नेमका भरतीच्या तोंडी सापडेल. आणि व्हिडिओत तिथीचा एक शब्द नाही. मी लोकेशन का पाठवत नाही, याचं हे उत्तर आहे.

मला या जागा लोकांपासून लपवायच्या नाहीत. उलट रत्नागिरीला येऊन लोक आंबे घेतात, गणपतीपुळ्याला दर्शन घेतात आणि परत जातात, याचंच मला वाईट वाटतं. शहरातच भगवतीचा किल्ला आहे, रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तीन बाजूंनी समुद्र. बहुतेक लोक देवीच्या पाया पडतात, तटावर फोटो काढतात आणि उतरतात. किल्ल्याच्या पोटात समुद्राच्या बाजूला मोठी गुहा आहे. गावात तिला भुयारच म्हणतात. किल्ल्यातून खाली समुद्रापर्यंत वाट जात होती, संकटाच्या वेळी माणसं त्यातून निसटत, असं लहानपणापासून ऐकत आले. वरची वाट माणसाच्या हातची असेल, पण खालची गुहा मला तरी लाटांचीच वाटते. काळ्या कातळात आधी एखादी बारीक चीर असते. लाट त्या चिरेवर आदळली की आतली हवा कोंडून दाबली जाते, लाट मागे गेली की ती हवा फुटल्यासारखी बाहेर येते. वर्षानुवर्षं हे चालतं, त्यात गोटे येऊन आत घासतात, आणि चिरेची घळ होते, घळीची गुहा. उधाणाच्या दिवशी तटावर शांत उभे राहा. खालून तोफेसारखा दबका आवाज येतो, आणि पायाखालच्या दगडातून तो तळव्यांना कळतो. त्यासाठी खाली उतरायची गरज नाही.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ ज्यांनी बघितली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. तिथं उलटा न्याय आहे. तिथं भरतीलाच जायचं आणि लांबूनच बघायचं. अरुंद चिरेत लाट शिरते, मागच्या टोकाला कोंडते आणि पाण्याचा खांब सरळ वर उडतो. बघताना भान हरपतं, आणि म्हणूनच कडेला जायचं नाही.

दक्षिणेला राजापूर तालुक्यात कशेळीची देवघळी आहे. हल्ली तिथल्या कड्यावर गाड्यांची रांग असते. कशेळीच्या कनकादित्याची मूर्ती याच घळीत मिळाली, अशी आख्यायिका आहे. प्रभासपट्टणहून दक्षिणेकडे निघालेलं गलबत इथं अडलं, काही केल्या पुढे जाईना, तेव्हा नावाड्यानं आदित्याची मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि गलबत चालायला लागलं. मग कनका नावाच्या सूर्यभक्त गणिकेला दृष्टांत झाला आणि गावकऱ्यांनी मूर्ती वर आणली. गलबतं वाहणाऱ्या किनाऱ्याला शोभेल अशीच ही गोष्ट आहे. माझी विनंती एवढीच, की देवघळीचा फोटो काढून झाला की देवळात जा. मंदिरातलं लाकडी कोरीव काम वेळ काढून बघा. रथसप्तमीला गेलात तर फारच उत्तम. आणि त्याच गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीही आहे. सड्यावर उभं राहिलं की हत्ती आधी दिसतच नाही. नुसत्या रेघा. मग कुणी गावकरी काठीनं सोंड दाखवतो, पाय दाखवतो, आणि एकदम अख्खा हत्ती समोर उभा राहतो.

अजून एक गोष्ट, जी रील करणाऱ्यांना कुणी सांगत नाही. गुहा रिकाम्या नसतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांच्या बेटांवरच्या गुहांमध्ये भारतीय पाकोळी घरटी करते. छताला, अंधारात, स्वतःच्या लाळेनं चिकटवलेली इवलीशी वाटी. ती घरटी सुपासाठी चोरून विकली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ती चोरी उघडकीला आणली आणि पुढे स्थानिक माणसांनाच बरोबर घेऊन संरक्षणाचं काम उभं केलं. एक माणूस टॉर्च मारत, ओरडत आत शिरला तर त्या पक्ष्यांचं काय होत असेल, याचा विचार करा. आमच्या घळींत वटवाघळं आहेत. त्यांनाही तेच लागू आहे.

ज्यांना लेकराबाळांना घेऊन यायचं आहे त्यांच्यासाठी मी शंभर गोष्टी सांगेन. मांडवीला या, आम्ही त्याला काळा समुद्र म्हणतो. मुलांच्या हातात चुंबक द्या आणि कोरड्या वाळूतून फिरवायला सांगा. काळे बारीक कण केसांसारखे उभे राहून चिकटतात. मग किल्ल्याच्या पलीकडे पांढऱ्या समुद्रावर जा आणि तेच करून बघा. एकाच शहरात दोन रंगांची वाळू का, हा प्रश्न मूल स्वतःच विचारेल. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे, देवमाशाचा सांगाडा आहे. थिबा राजवाडा सगळे बघतात, पण ब्रह्मदेशाच्या त्या राजाची समाधी याच शहरात आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तो माणूस इथं नजरकैदेत राहिला, आणि वाडा त्याच्या हाती आला तो शेवटची पाच-सहा वर्षं. त्या समाधीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की राजवाडा वेगळा दिसतो.

घळींबाबत मात्र माझं मत ठाम आहे. तिथं काँक्रीटच्या पायऱ्या नकोत, रेलिंग नको, रंगीत दिवे तर नकोतच. पहिल्या पावसाळ्यात समुद्र ते उखडून खडपावर लोखंड पसरून ठेवेल. हवा आहे तो एक फळा. किल्ल्याच्या दारात, मांडवीला, भाट्याला, कशेळीच्या कड्यावर. त्यावर रोजची तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, मोठ्या मराठी अक्षरात. खडूनं लिहिलं तरी चालेल. लिहायला त्या त्या गावातला एक माणूस, त्याला महिन्याचा ठरलेला मोबदला. आणि घळीत जायचं तर गावच्या माणसाबरोबरच जायचं, त्याला त्याचे पैसे द्यायचे. आमच्याकडची पोरं मुंबईला सिक्युरिटीच्या नोकऱ्या करतात, आणि इथं त्यांना जे येतं ते शिकवायला कुठल्याही कोर्सला जमणार नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकासुद्धा मासेमारीला बाहेर पडत नाहीत. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर आपण फोटोसाठी का जायचं?

तात्या आता नाहीत. गेल्या भाऊबीजेला भाऊ आणि भाची आली होती. भाची नऊ वर्षांची. तिनंही त्या व्हिडिओसारखाच कुठला तरी व्हिडिओ बघितला होता आणि हट्ट धरला होता. द्वितीया होती, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसातला पूर्ण ओहोटी. अभ्यंगस्नानापेक्षा लवकर उठवलं तिला. उजाडताना आम्ही तिघं खडपावर उतरलो. भाऊ तोंडाशीच थांबला, आत आला नाही. कोपरावरचा वण तो अजून नकळत चोळतो.

आत मी तिला भिंत दाखवली. तिनं कवचांच्या रेघेखाली पाठ टेकली, हात वर केला आणि बोटं रेघेपर्यंत पोचतात का बघितलं. पोचली नाहीत. टाचा उंच केल्या, तरी नाहीत.

"आत्या, पाणी इथपर्यंत येतं?"

"येतं. आज दीड वाजता येईल."

तिनं रेघेकडे बघितलं, मग बाहेर बाबाकडे, आणि माझ्या हातातलं घड्याळ बघितलं. साडेसात वाजत होते.

"मग आता निघू या," ती म्हणाली, आणि आम्ही निघालो.