घराबाहेर पडण्याआधीचे तीन आठवडे: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मूळ लेखात म्हटलं होतं की छळणाऱ्या जोडीदाराच्या तावडीतून सुटणाऱ्या बाईवर कमी पैशांत, स्वतंत्रपणे गुन्हेगारी थरारपट करायचा असेल, तर पटकथेचा निम्मा भाग ती घराबाहेर पडण्याआधीच्या तयारीला द्यावा. त्यावर तुमचे आक्षेप चार. तयारी दाखवत बसलं तर सिनेमाचं सरकारी माहितीपत्रक होईल. पहिल्या थपडेला न निघणाऱ्या नायिकेचा प्रेक्षकाला रागच येतो. पोलीस काही करत नाहीत हे दाखवून दाखवून गुळगुळीत झालंय. आणि शेवटी तिने त्याला संपवल्याशिवाय टाळ्या पडत नाहीत.

सुरुवात दुसऱ्या आक्षेपापासून करू, कारण बाकीच्या तिन्हींची मुळं तिथेच आहेत.

‘ती निघत का नाही’ असं आपण विचारतो तेव्हा निघणं म्हणजे सुटणं, असं गृहीत धरलेलं असतं. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 11 शहरांत जोडीदाराकडून झालेल्या स्त्रियांच्या खुनांचा अभ्यास केला. तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदार टोकाचा ताबा गाजवणारा असेल आणि बाई एकत्र राहिल्यानंतर त्याच्यापासून वेगळी झाली असेल, तर तिचा खून होण्याचा धोका जवळपास नऊपट वाढलेला दिसला. म्हणजे उंबरठा ओलांडण्याचा काळ हाच सगळ्यांत धोक्याचा. घरातल्या बाईला हे आकडे माहीत नसतात, पण त्या माणसाचा अंदाज तिच्याइतका कोणालाच नसतो. तिचं थांबणं हा बऱ्याचदा त्या अंदाजावर घेतलेला निर्णय असतो. आपल्याकडच्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या जेमतेम 14 टक्के होत्या. या सगळ्या भित्र्या असतात असं मानणाऱ्या लेखकाने या विषयाला हात न घातलेला बरा.

पटकथेत यावर उपाय सोपा आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत एक फसलेला प्रयत्न दाखवा. ती माहेरी जाते, तिसऱ्या दिवशी तो गोड बोलत न्यायला येतो, वडील ‘संसार आहे, भांड्याला भांडं लागणारच’ म्हणून पाठवणी करतात आणि मग घराचं दार बंद होतं. त्यानंतर प्रेक्षक ‘निघ की’ म्हणणार नाही. तिने बॅगेला हात लावला तरी त्याच्या पोटात गोळा येईल.

आता माहितीपत्रकाचा आक्षेप. तयारी कंटाळवाणी होते ती लेखकाला तिचे तपशील माहीत नसतात म्हणून. खलनायकाला संगणकतज्ज्ञ करायची गरज नाही. साध्या घरात सगळं त्याच्या मोबाइल नंबरवर असतं, तेवढं पुरतं. तिच्या आधारला त्याचा नंबर जोडलेला, म्हणजे डिजिलॉकर उघडायला गेली की ओटीपी त्याच्या हातात. तो नंबर बदलायचा तर बहुधा आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, आणि भाजीला जाऊन यायच्या वेळेत ते बसवायचं. संयुक्त खात्यातून दोनशे रुपये यूपीआयने दिले की त्याला संदेश. तिचं व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपला जोडलेलं. गुगलच्या खात्यावरून तिचं ठिकाण त्याच्या फोनवर दिसतंय. गाडीने गेली तर फास्टॅगच्या प्रत्येक नाक्याचा संदेश त्यालाच. रेल्वेचं आरक्षण त्याच्या खात्यावरून केलं तर पीएनआर, गाडी, डबा, आसन सगळं त्याच्याकडे.

यात नवखे लेखक हमखास एक चूक करतात. नायिकेला फोनमधला पाळतीचा प्रकार सापडतो आणि ती तो लगेच काढून टाकते. या क्षेत्रात काम करणाऱ्या समुपदेशक नेमकं हेच करू नका म्हणून सांगतात. ठिकाण दिसायचं अचानक बंद झालं की त्याला कळतं, आणि त्या रात्री काय होईल ते सांगता येत नाही. शहाणी नायिका तो फोन तसाच ठेवते. त्यावर रोजच्यासारखं बोलते, रोजच्यासारखे फोटो पाठवते, आणि महत्त्वाचं सगळं दुसऱ्याच फोनवरून करते: शेजारणीच्या, शाळेतल्या बाईंच्या, किंवा दवाखान्यातल्या. निघताना तो फोन घरातच राहतो. इथे दोन फोन, दोन आयुष्यं आणि मधे एक दहा बाय बाराची खोली आहे. कमी बजेटच्या सिनेमाला आणखी काय हवं?

प्रवासासाठी एसटीचा विचार करा. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, रोख देता येतं आणि वाहकाने फाडलेल्या तिकिटावर नाव नसतं. डेपोतली गर्दी, फलाटावर उशिरा लागणारी गाडी आणि मुलाची शू. पाठलागाचं दृश्य इथे फुकटात उभं राहतं.

कागदपत्रांचंही असंच. आधार, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, तिचे शाळा-कॉलेजचे दाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, जुने केसपेपर. सगळी फाइल एकदम नाहीशी झाली तर त्याच संध्याकाळी लक्षात येतं. म्हणून एकेक मूळ कागद बाहेर काढायचा आणि त्याच प्लास्टिकच्या पिशवीत त्याची झेरॉक्स ठेवायची. मग एका रविवारी त्याला बँकेच्या कामासाठी तोच कागद हवा असतो, या एका प्रसंगावर दहा मिनिटं खेळता येतात. पैशांचा हिशोबही नेमका ठेवा. घरखर्चातून आठवड्याला दोनशे-तीनशेच्या वर काढले तर किराण्याच्या बिलात दिसतात. तीन आठवड्यांत सहाशे ते नऊशे जमतात आणि तेवढ्यात तिकीट, दूध, बिस्किटं बसवायची असतात. दागिने लॉकरमधून काढायला गेली तर आणखी एक सापळा आहे: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे लॉकर उघडल्याची तारीख-वेळ नोंदवलेल्या मोबाइलवर त्याच दिवशी कळवावी लागते. नंबर कोणाचा, ते वर आलंच आहे. लॉकरची भेट निघण्याच्या दिवशीच ठेवावी लागते, आणि बँकेचा संदेश दिवसभरात कधीही पडू शकतो. हाताशी किती तास आहेत ते तिलाही माहीत नाही, प्रेक्षकालाही नाही.

ती निघाल्यावर तो काय करतो? बहुतेक पटकथांत गुंड पाठवतो. खऱ्या घरांत तो पोलीस ठाण्यात जाऊन बायको हरवल्याची तक्रार देतो. दाढी वाढलेली, डोळ्यांत पाणी, हातात लग्नातला फोटो. मग तिचा शोध तोच घेत नाही, यंत्रणा घेते. तिचा फोन चालू असला तर तो कोणत्या टॉवरवर आहे हे काढलं जातं, आणि भल्या हेतूचा एखादा हवालदार ‘सापडली हो, काळजी करू नका’ म्हणून त्याला गावाचं नाव सांगून टाकतो. यावरचा उपाय कंटाळवाणा वाटेल, पण पडद्यावर जबरदस्त आहे: ‘मी सज्ञान आहे, स्वतःच्या इच्छेने घर सोडलं आहे, माझा पत्ता कोणालाही देऊ नये’ असं सहीनिशी पत्र जुन्या हद्दीच्या आणि नव्या हद्दीच्या अशा दोन्ही ठाण्यांना द्यायचं आणि पोच घ्यायची. पोच मिळाली नाही तर पुढचा सगळा डाव उलटतो. लहान मूल बरोबर असेल तर तो ‘मूल पळवलं’ म्हणतो. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6 सांगतं, पण हे ठाण्यातल्या बाकावर रात्री अकरा वाजता तिने कोणाला पटवायचं?

पोहोचायचं कुठे, हेही अंधारात ठेवू नका. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर या छळ सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रामध्ये तात्पुरता मुक्काम पाच दिवसांपर्यंत मिळतो. पाच दिवसांत पुढची जागा, वकील आणि न्यायालयातला अर्ज. पटकथेला याहून चांगलं घड्याळ मिळणार नाही. वकिलासाठी तिच्याकडे पैसे नसले तरी चालतं, कारण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज ती तात्पुरती राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडेही करू शकते (कलम 27), पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडायला हवी, आणि प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी अंतरिम आदेश मिळू शकतो (कलम 23). पण अर्जाची प्रत त्याच्या हातात जाते. त्यावर कोणता पत्ता लिहायचा हे वकिलाशी बोलून आधी ठरवावं लागतं. शिवाय तारखेच्या दिवशी ती किती वाजता कोणत्या इमारतीत असेल हे त्याला नक्की ठाऊक असतं. कोर्टाच्या जिन्यावरचं दृश्य लिहायचं असेल तर ते या कारणाने लिहा.

पोलिसांबद्दल तुमचं बरोबर आहे. तंबाखू मळत ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणणारा फौजदार आता नको. पण त्याच्या जागी येणारं वास्तव अधिक बोचरं आहे. क्रूरतेचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 498अ होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अर्नेश कुमार खटल्यातल्या 2014 च्या निकालानंतर अशा गुन्ह्यात आपोआप अटक होत नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीस देतात. म्हणजे प्रामाणिक, कायदा पाळणारा अधिकारी गुन्हा नोंदवतो, नोटीस देतो आणि नवरा संध्याकाळी घरी येतो. तक्रार कोणी केली ते आता त्याला लेखी कळलेलं आहे. उलट, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या आदेशाचा एक कागद हातात असणं आणि नसणं, यात तिचं सगळं पारडं फिरतं. आणि ठाण्यात फक्त खाकी दाखवू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे बसणाऱ्या समाजसेविका आपल्या सिनेमांत अजून जवळपास आलेल्याच नाहीत. एक चांगली अभिनेत्री, एक टेबल, दोन खुर्च्या.

तुम्ही विचारलं नव्हतं, पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण याच जातीच्या सिनेमांत ती सर्रास चुकते. गळा दाबण्याचं दृश्य असलं की रंगभूषाकार मानेवर निळ्याजांभळ्या बोटांचे ठसे उमटवतात. सॅन डिएगोतल्या गळा दाबल्याच्या 300 प्रकरणांच्या 2001 मधल्या अभ्यासात निम्म्या बायकांच्या मानेवर डोळ्यांना दिसेल असं काहीच नव्हतं, आणखी 35 टक्क्यांच्या खुणा फोटोत येणार नाहीत इतक्या पुसट होत्या. खरी लक्षणं वेगळी: घोगरा आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांत किंवा पापण्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, काय झालं त्यातला मधला भाग न आठवणं. दहाएक सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, आणि मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो. अमेरिकेतल्याच 2008 च्या एका अभ्यासात, आधी कधी गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त आढळली. म्हणून मान स्वच्छ ठेवा आणि आवाज बदला. डॉक्टर ‘काही दिसत नाही’ म्हणतात आणि ती घोगऱ्या आवाजात पाणी मागते. चित्रीकरणात हल्ला करणाऱ्या नटाचा तळवा गळ्यावर नको, गळपट्टीच्या हाडाच्या खाली छातीवर टेकलेला हवा. बोटांत जोर नको, त्याच्या मनगटावर तिचा हात हवा आणि दृश्याचा ताबा तिच्याकडे. तिने ठरलेली खूण केली की त्याच क्षणी सगळं थांबलं पाहिजे. त्या दिवशी सेटवर कमीत कमी माणसं ठेवा, पैसे कितीही कमी असले तरी.

राहिला शेवट. तिने त्याला मारलंच पाहिजे का? मारू शकते. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असताना स्वसंरक्षणात समोरच्याचा जीव घेण्यापर्यंतचा अधिकार न्याय संहितेच्या कलम 38 मध्ये आहे. पण तो हल्ल्याच्या क्षणापुरता. झोपलेल्या नवऱ्यावर तो चालत नाही. किरणजीत अहलुवालिया यांनी 1989 मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉली इथे, दहा वर्षांच्या छळानंतर, झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. तो मेला, त्यांना जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने मोहीम उभारली, 1992 मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली, आणि मानसिक अवस्थेमुळे जबाबदारी कमी ठरवून सदोष मनुष्यवधाखाली त्या तेवढ्याच काळाची शिक्षा भोगून सुटल्या. टाळ्या त्या रात्रीपाशीच थांबतात, पुढची तीन वर्षं तुरुंगात जातात. तुम्हाला खुनाचा शेवट हवाच असेल तर ती तीन वर्षंही लिहा.

तो शेवट नको असेल तर पुरावा हा शेवट होऊ शकतो. तिने महिनोन्‌महिने लपवून केलेली ध्वनिमुद्रणं. मूळ फोन न्यायालयात हजर करता येत नसेल तर त्याच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र लागतं. ही अट अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पक्की केली, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, तिच्यावरूनच काढलेला सांकेतिक आकडा) लिहावं लागतं. तिने मुद्रण व्हॉट्सॲपवरून मैत्रिणीला पाठवून स्वतःच्या फोनमधून पुसलं असेल, तर मूळ गेलं. राहिलेल्या प्रतीचं प्रमाणपत्र आता मैत्रिणीने तिच्या फोनच्या आधारावर द्यायचं, आणि मैत्रीण साक्षीला उभी राहील का, यावर तुमचा शेवटचा अर्धा तास उभा राहतो.

लिहायला बसण्याआधी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या 2006 च्या नियमांना जोडलेले नमुने काढून वाचा. नमुना 1 म्हणजे घटनेचा अहवाल. त्यात हिंसेचे प्रकार एकेक करून विचारलेत, त्यात पैसे काढून घेणं आहे, नोकरी करू न देणंही आहे. नमुना 5 म्हणजे सुरक्षा योजना: काय हिंसा झाली, पुढे कशाची भीती वाटते, त्यावर काय उपाय हवेत, न्यायालयाकडून कोणता आदेश हवा. तुमच्या नायिकेच्या नावाने तो पूर्ण भरा. जो रकाना भरता येणार नाही, तिथे पटकथेत अजून काम बाकी आहे.