फेस आला म्हणजे मळ निघाला, असं कोणी सांगितलं?

गणपतीआधी दुकानं-दवाखाने साफ करून घ्यायची लगबग सुरू झाली आणि हा मेसेज फिरायला लागला: 'व्हिनाईलची काळी लादी ५ मिनिटांत नवी! विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड सारख्या प्रमाणात मिसळून ओता. फेस आला की मळ सुटला समजा. चिवट डागावर रॉकेल. मग उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवा. शेवटी खोबरेल तेलाचा हात. फिनेल बंद करा, त्यानेच लादी काळी होते.' खाली नेहमीचं 'सर्वांना पाठवा'.

मुंबईच्या भावोजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. कुडाळला दातांचा दवाखाना चालवणारी माझी धाकटी जाऊ लगेच विचारते, "ताई, टीसीएल घरात आहेच. मावशींना सांगू का करायला?" मी लाद्या साफ करायची कंत्राटं घेते म्हणून निदान विचारलं तरी. बाकीच्या किती जणांनी न विचारता बादली भरली असेल, देव जाणे.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. 'सुटू शकतो' वगैरे नाही, सुटतोच. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या लढाईत जर्मनांनी सैनिकांवर सोडला तोच हा वायू. हवेपेक्षा साधारण अडीच पट जड, त्यामुळे तो खाली साचतो, आणि खाली उकिडव्या बसून मावशी लादी घासत असतात. त्यात एसीमुळे खिडक्या बंद. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सरकारी इस्पितळांत घडलेल्या अशा घटनांची नोंद छापली आहे. १९८८ च्या घटनेत स्वयंपाकघर साफ करताना ब्लीच आणि फॉस्फरिक अ‍ॅसिडचा क्लीनर एकत्र केला गेला. मिसळणाऱ्यांना त्रास झालाच, आसपासच्या लोकांनाही झाला. फॉस्फरिक तर सौम्य. आपल्याकडच्या टॉयलेटच्या बाटलीत बहुधा हायड्रोक्लोरिक असतं. यावर ग्रुपवर उत्तर आलं, "नाक जरा चुरचुरतं, पण जंतू मरतात ना!" काय बोलणार?

आता तो फेस. दुकानांत, हापिसांत बसवतात त्या बऱ्याचशा व्हिनाईल कॉम्पोझिशन टाइलमध्ये व्हिनाईल, म्हणजे एक प्लास्टिक, थोडं आणि चुनखडीची भुकटी जास्त असते. अ‍ॅसिड पडलं की चुनखडी फसफसते. म्हणजे फेस येतो तेव्हा मळ सुटत नसतो, तुमची लादी विरघळत असते! दोन दिवस ती उजळ दिसते, कारण वरचा थरच गेलेला असतो. मग त्या खरखरीत अंगात चपलांबरोबर आलेली लाल माती जाऊन बसते आणि लादी आधीपेक्षा काळी होते. तेव्हा कोणी मेसेज पाठवणाऱ्याला शोधायला जात नाही, मला फोन येतो.

रॉकेलने व्हिनाईल मऊ पडतं, डाग पसरतो, आणि आगीचं वेगळं सांगायला नको. रात्रभर पाणी ठेवलं तर ते सांध्यांतून खाली जातं, गोंद सुटतो, कोपरे वर येतात. आपल्या पावसाळी हवेत खाली गेलेलं पाणी वाळतही नाही. खोबरेल लावलंत तर दात दाखवायला आलेला पेशंट हाड मोडून घेऊन जाईल.

फिनेलचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. रोज अंदाजपंचे फिनेल नाहीतर साबण ओतायचा आणि साध्या पाण्याचा हात कधी फिरवायचाच नाही, असं केलं की चिकट थर साचतो आणि त्यावर धूळ बसते. पण मग झाकणाने मोजून घाला की. त्यासाठी अ‍ॅसिडची बाटली कशाला उघडायची?

बऱ्याचदा काळं दिसतं ते लादीवरच्या जुन्या पॉलिशमध्ये अडकलेली घाण असते. आधी कोरडं झाडून रेती काढा, नाहीतर घासताना तीच ओरखडे पाडते. मग स्ट्रिपर, म्हणजे जुनं पॉलिश काढायचं द्रावण, बाटलीवरच्या मापाने पाण्यात घालून थोड्या-थोड्या भागावर लावा, ५ ते १० मिनिटं ओलं राहू द्या, वाळू देऊ नका. लादी घासायच्या सिंगल डिस्क मशीनने किंवा नायलॉनच्या घासणीने घासा आणि सुटलेला काळा रबडा लगेच उचला. साध्या पाण्याने दोनदा पुसा, पूर्ण वाळवा, मग पॉलिशचे पातळ हात द्या. स्ट्रिपर अल्कलीचा असतो, हातमोजे घाला, आणि ओल्या लादीवर जपून चाला, भयंकर निसरडी होते. कंपनीतूनच पक्कं कोटिंग येणाऱ्या नव्या लाद्यांना स्ट्रिपर लावूच नका, त्यांना सौम्य क्लीनर पुरतो. कोणती आहे कळत नसेल तर बसवणाऱ्याला विचारा, आणि काहीही लावायचं तर आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून बघा.

जावेच्या दवाखान्यात दारापाशी रबरी पायपुसण्याखाली चौकोनी पिवळा डाग पडला आहे, तो यातल्या कशानेच जाणार नाही. रबरातलं रसायन व्हिनाईलमध्ये मुरलेलं असतं. त्या लाद्या बदलायच्या आणि रबराचं पायपुसणं काढून टाकायचं, एवढंच तिला सांगितलं आहे.