भिंत त्यांची, कॅलेंडर आमचं

डोंबिवली पूर्वेला भाड्याचं घर शोधताना एक गोष्ट लवकरच कळते. घर बघायला आपण जातो, पण बघून आपल्यालाच घेतलं जातं. आमचे मालक, म्हणजे काका, रिकाम्या हॉलमध्ये एकुलत्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. गाव कुठलं, नोकरी कायम का, मुलगी कितवीत, हे सगळं विचारून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. “मासळी खाता?” ते स्वतः मालवणचे. मी बेधडक हो म्हणालो. “आम्हीपण खातो हो,” काका म्हणाले, “पण सुकट भाजताना खिडकी लावून घ्या. वरचे जोशी सेक्रेटरी आहेत.”

मग ॲग्रीमेंट. हल्ली रजिस्ट्रेशनला ऑफिसात जावं लागत नाही. एजंटच लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. काकांचा काही केल्या लागेना. पुसून झाला, ओला करून झाला, फुंकर मारून झाली. शेवटी एजंट म्हणाला, “काका, जरा डोक्याला घासा.” काकांच्या डोक्यावर केस नव्हते, पण खोबरेल भरपूर होतं. मशीनने लगेच ओळख दिली.

करार अर्थातच अकरा महिन्यांचा. वर्षाहून मोठ्या मुदतीचा किंवा वर्षागणिक चालणारा भाडेपट्टा नोंदवायलाच हवा, असं 1908चा नोंदणी कायदा सांगतो. त्यातून निसटायला कुणीतरी एक महिना छाटला. पुढे महाराष्ट्राच्या 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आमच्यासारखा, प्रत्येक करार नोंदवायला लावला, मग तो कितीही महिन्यांचा असो. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे अकराचं कारण कधीच संपलं. अकरा मात्र तसेच आहेत, आणि बाराव्या महिन्यात वाढणारं भाडंही.

भाडं, डिपॉझिट, ब्रोकरचा एक महिना, हे सगळं मी निमूट ऐकलं. पण एक कलम वाचताना बायकोने मान वर केली : ‘भिंतीस खिळा ठोकू नये.’

आधीच्या भाडेकरूने म्हणे हॉलची चाळण केली होती. आता घरात एकच खिळा उरला होता, आणि तो स्वयंपाकघराच्या दारामागे. त्याच्यावर आमचं कालनिर्णय लागलं. दार उघडं असलं की ते भिंत आणि दार यांच्यामध्ये चेपलेलं. त्यामुळे संकष्टीचा चंद्रोदय बघायचा तर आधी स्वतःला स्वयंपाकघरात कोंडून घ्यायचं. एकदा मी असाच आत तारीख बघत असताना बायको बाहेरून विचारत होती, “आत काय खाताय?”

घड्याळ फ्रिजवर आडवं पडून वेळ दाखवायचं. मग मी चिकटवायचे हुक आणले. पाकिटावर पाच किलोपर्यंत वजन पेलेल असं लिहिलं होतं. हुकने शब्द पाळला, काकांच्या रंगाने पाळला नाही. रात्री दोन वाजता घड्याळ, हुक आणि तळव्याएवढा पोपडा, तिघेही एकदमच खाली आले. काका दर महिन्याला ‘सहज’ येतात आणि चहा पिताना आमच्याकडे न बघता भिंतींकडे बघतात. पोपड्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. “यापेक्षा खिळा परवडला असता,” म्हणाले. हे मी लेखी मागायला हवं होतं.

सोसायटीचं वेगळंच. घर भाड्याने दिलं म्हणून ती काकांकडून जादा शुल्क घेते. सरकारी नियमाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून उरलेली वसुली आमच्याकडून शारीरिक स्वरूपात होते. वार्षिक सभेत भाडेकरूला बोलायचा हक्क नाही. खुर्च्या लावायचा आहे. स्कूटर गेटाबाहेर, गणपतीची वर्गणी मात्र मालकाइतकीच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काका आले ते हातोडी घेऊन. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. “घरी रंगकाम काढलंय,” ते म्हणाले, “आणि सूनबाई म्हणतात, नवीन इंटिरिअरला हा शोभत नाही.” आतून त्यांच्या वडिलांचा फोटो निघाला. फेटा, करारी मिशा, दोन फूट उंच. काकांनी टीव्हीच्या बरोब्बर वर दणादण खिळा ठोकला, फोटो सरळ केला, चहा घेतला आणि गेले.

आता आजोबा आमच्याबरोबर बातम्या बघतात. दसऱ्याला बायकोने त्यांना हारही घातला. नैवेद्याच्या दिवशी काय करायचं हे विचारायला मात्र काकांना फोन करावा लागला. मुलगी परीक्षेला जाताना त्यांच्या पाया पडते. तिला ते आमचेच कुणीतरी वाटतात.

परवा ॲग्रीमेंटच्या नूतनीकरणाला तोच एजंट आला. भाडं दहा टक्क्यांनी वाढलं होतं, काकांनी या वेळी अंगठा न सांगता डोक्याला घासला. शेवटच्या पानावर घरातल्या सामानाची यादी असते, मोडतोड झाली तर भरपाईसाठी. मी वाचून सही केली. पंखे 3, ट्यूबलाइट 4, गीझर 1, वडील (फ्रेमसह) 1.