पुरस्कार पाचव्या उन्हाळ्यानंतर द्या

गेल्या आठवड्यात मेल आला. 'अभिनंदन! आपल्या फर्मची उदयोन्मुख क्लीन टेक कंपनी या राष्ट्रीय सन्मानासाठी निवड झाली आहे.' खाली दिल्लीतल्या मोठ्या हॉटेलचं नाव, मंत्रीमहोदयांची 'अपेक्षित उपस्थिती', आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात नोंदणी शुल्क, अधिक जीएसटी. मासिकात फोटोसह अर्धं पान हवं असेल तर त्याचे वेगळे. आमची फर्म म्हणजे पारोळ्यात रस्त्याला लागून एक शटर, मी, आयटीआय झालेली दोन पोरं आणि एक जुनी पिकअप. सोलर पंप बसवतो, त्याहून जास्त दुरुस्त करतो. आम्ही कोणत्या अंगाने उदयोन्मुख दिसलो, देव जाणे.

मेल डिलीट केला. पण त्यावरून डोक्यात जे सुरू झालं ते लिहून टाकतो. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

विकतच्या ट्रॉफ्यांचं सोडा. काही पुरस्कार आणि याद्या खरोखर मेहनतीने केल्या जातात. ग्लोबल क्लीनटेक १०० ही स्वच्छ तंत्रज्ञानातल्या कंपन्यांची यादी २००९ पासून निघते. इंग्लंडचे स्वच्छ ऊर्जेसाठीचे अॅशडेन पुरस्कार २००१ पासून आहेत. पुण्याच्या आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेला ते दोनदा मिळाले, २००२ ला उसाच्या पाचटापासून कोळसा केला म्हणून आणि २००६ ला घरगुती बायोगॅससाठी. अशा पुरस्कारांमुळे पैसा येतो, बँकेचा मॅनेजर नीट बोलायला लागतो, हे मला मान्य आहे. माझं भांडण वेळेशी आहे. सगळा मानसन्मान उद्घाटनाच्या नारळाच्या आसपास होतो. मशीन नवं कोरं असतं, पॅनल आरशासारखं चमकत असतं, मेगावॅटचा आकडा ताजा असतो. पाच उन्हाळे गेल्यावर तिथे काय चाललंय, हे बघायला परीक्षक येत नाहीत. आम्ही जातो, कारण आम्हाला फोन येतो.

आपल्या खान्देशाइतकी ही गोष्ट दुसऱ्या कुणाला कळायला हवी, असं मला वाटत नाही. आपल्याकडे यातलं सगळं होऊन गेलंय: ठिबक, पवनचक्क्या, सौर प्रकल्प, नंदुरबारच्या डोंगरात तर पाण्यावरची छोटी वीजसुद्धा.

पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनचंच बघा. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर गेलं की डोंगरभर पवनचक्क्या दिसतात. तुलसी तांती यांचा घरचा कापडाचा धंदा, विजेचं बिल परवडेना म्हणून स्वतःपुरत्या दोन पवनचक्क्या घेतल्या आणि त्यातून १९९५ ला सुझलॉन उभी राहिली. २००७ ला टाइम मासिकाने त्यांना पर्यावरणाच्या नायकांमध्ये बसवलं. २००९ ला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' केलं. आणि २०१२ च्या ऑक्टोबरात कंपनीने परदेशी रोख्यांचे पैसे थकवले. पुढची दहा वर्षं कर्जाशी झटण्यात गेली. तांती २०२२ ला गेले, आणि कंपनीच्या मानेवरचं जोखड खऱ्या अर्थाने उतरलं ते २०२३ ला. मला विचाराल तर त्यांचा सत्कार त्या दहा वर्षांसाठी व्हायला हवा होता. तिजोरीत खडखडाट असताना टॉवरवर चढणारा माणूस टिकवणं, गिअरबॉक्सचे पार्ट मिळवत राहणं हे काम फोटोत येत नाही.

आता जळगावचं. ठिबकवाल्या जैन इरिगेशनबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं भेटतात, भक्त किंवा टीकाकार. मी दोन्हीत बसत नाही. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ ला घरचे सात हजार रुपये घेऊन रॉकेलच्या व्यवसायाने सुरुवात केली, १९७८ ला केळी पावडरचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले, १९८० ला पीव्हीसी पाइप, आणि मग ठिबक. अमेरिकेच्या इरिगेशन असोसिएशनने १९९७ ला त्यांना क्रॉफर्ड रीड पुरस्कार दिला, पद्मश्री २००८ ला. नळी तर कुणीही काढतं. जळगावात फरक पडला तो वेगळ्या कारणाने. टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं ग्रँड नैन जातीचं केळीचं रोप, त्याला ठिबक, ठिबकमधूनच विद्राव्य खत, आणि बांधावर उभा राहून 'दादा, आज एवढंच पाणी सोडा' सांगणारा कृषी पदवीधर, हे सगळं एकत्र आलं. कंद लावून अठरा-अठरा महिने वाट बघणाऱ्या केळीवाल्याचा घड अकरा-बारा महिन्यांत उतरायला लागला. शेजाऱ्याने ते डोळ्याने बघितलं. जाहिरात तिथेच झाली.

तरीसुद्धा ठिबक घेणारे सगळेच काही सुखी नाहीत. कुठल्याही कंपनीचं घ्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार जमतो. नखाने खरवडला तर चुन्यासारखा भुगा निघतो. अॅसिड ट्रीटमेंट केली नाही, लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या नळीची शेवटची टोपी काढून फ्लश केलं नाही, की दोन-तीन हंगामांत ओळीच्या टोकाची झाडं पिवळी पडतात. वर उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात ते वेगळंच. ज्या गावात विक्रेत्याचा माणूस दर हंगामाला फिरकतो तिथे ठिबक दहा-दहा वर्षं चालतं. जिथे अनुदानाच्या फायलीवर सही झाली आणि माणूस दिसेनासा झाला, तिथे नळ्यांची वेटोळी गोठ्याच्या माळ्यावर पडलेली असतात. कागदावर दोन्ही गावं 'सूक्ष्म सिंचनाखाली'.

जैनसुद्धा पुढे कर्जात अडकली. २०२२ ला कर्जाची फेररचना झाली, २०२३ ला परदेशातला सिंचनाचा व्यवसाय इस्रायलच्या रिवुलिसमध्ये विलीन झाला. भक्तांना हे लिहिलेलं आवडणार नाही. पण लीडर म्हणायचं तर पडझडीसकट म्हणायला शिकलं पाहिजे.

आता माझ्या धंद्याकडे येतो. केंद्राची सौर पंपांची पीएम-कुसुम योजना २०१९ ला आली, आता 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच, बाकी सरकार. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यावर साडेसात. सोबत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. रात्री दोनला लाइट येणार म्हणून थंडीत बॅटरी घेऊन, साप-विंचवाला न भिता शेतात जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळणं म्हणजे काय, ते शहरात बसून कळत नाही.

पण हमी कागदावर असते आणि पंप शेतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. पॅनलवर लिहिलेले वॅट हे २५ अंश तापमानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. भुसावळच्या उन्हात काच हात लावू देत नाही. पॅनल ६५ अंशांना तापलं तर चौदा टक्के तिथेच गेले, वर धुळीचा थर. शेतकरी म्हणतो, ऊन इतकं कडक आणि पाणी कमी कसं? त्याला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. बसवणाऱ्याने एक बादली आणि फडकं दाखवून 'पहाटे धुवायचं, तापल्यावर गार पाणी मारायचं नाही' एवढं सांगितलं असतं तरी निम्मे फोन कमी झाले असते.

मग 'ड्राय रन'चा, म्हणजे पाण्याविना पंप फिरण्याचा फॉल्ट. यावल-रावेरकडे पाणी इतकं खाली गेलंय की काही बोअरना हे पंप पुरतच नाहीत. कंट्रोलर ट्रिप होतो, माणूस समजतो पंप खराब. वळवाचं वादळ आलं की स्ट्रक्चर आडवं. केबल चोरीला जाते. विम्यासाठी पंचनामा, फोटो, पोलिसांचा कागद. आणि पंपावर लांबून लक्ष ठेवणारं मॉनिटरिंगचं सिमकार्ड! सातपुड्याच्या पायथ्याला रेंज नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या स्क्रीनवर चालू पंप बंद दिसतो. उलटंही होतं, पॅनल वीज देतंय म्हणून पंप 'सुरू', आणि शेतात पाइप फुटून पाणी नाल्यात.

धुळ्याकडच्या एका जिभाऊंना मी नव्या कंपनीचं कौतुक सांगत होतो: एफिशियन्सी अमुक, वॉरंटी पंचवीस वर्षं, पुरस्कार मिळालेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पंप बंद पडना ते कोनले फोन करू, इतलंच सांग." परीक्षक मंडळात पहिली खुर्ची मी या जिभाऊंना देईन.

दुसरी खुर्ची जमीन गेलेल्या माणसाला. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये झाला, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला होता, मलाही. आणि दोंडाईच्याजवळ विखरणचे धर्मा पाटील आठवतात का? वीज प्रकल्पासाठी जमीन गेली, मोबदला अगदी तुटपुंजा मिळाला म्हणून वर्षानुवर्षं चकरा मारल्या, आणि २०१८ च्या जानेवारीत त्या म्हाताऱ्या माणसाने मंत्रालयात विष घेतलं. त्यातच ते गेले. नियोजित प्रकल्प सौरऊर्जेचा होता. वीज स्वच्छच होणार होती. कोणत्याही पुरस्काराच्या अर्जात 'जमीन कुणाची, किती भावाने, कुणाच्या संमतीने' हा रकाना मी तरी बघितलेला नाही. किती टन कार्बन वाचला, हा मात्र असतोच.

आणि ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचं काय? धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. २००३ ला तिथे केरळहून आलेले इंजिनिअर, नर्मदा आंदोलनाची माणसं आणि गावकरी यांनी मिळून ओढ्याच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा वीज प्रकल्प उभा केला. बांध गावाच्या श्रमदानातून. आदिवासी पाड्यात पहिल्यांदा दिवा लागला. २००६ ला सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि तो प्रकल्प बुडाला. स्वतःची वीज स्वतः करणारं गाव बुडवून विजेच्या प्रकल्पाची उंची वाढली. यावर मी काय भाष्य करू?

बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, आनंद झाला. जंगल राखायला त्यांनी नव्वदच्या दशकात सुरुवात केली होती. म्हणजे आपल्याकडे एक तर यंत्र खोक्यातून निघायच्या आधी सन्मान, नाहीतर तीन दशकांनी. मधलं काही नाही.

'उदयोन्मुख' कुणाला म्हणावं, हेही सांगतो. एस४एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी २०२३ ला पर्यावरणाचा अर्थशॉट पुरस्कार जिंकली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या पोरांनी सुरू केलेलं काम: सौर ड्रायर, त्यात कांदा-टोमॅटो वाळवायचा. ड्रायर आपल्याकडे कितीतरी बचत गटांना मिळाले आणि त्यात आता गोवऱ्या ठेवतात. एस४एसने ड्रायर दिला आणि वाळलेला मालही स्वतः विकत घेऊन अन्न कंपन्यांना विकला. मोठं काम ते आहे. माल उचलणारा असला की बाई रोज सकाळी ड्रायर पुसते.

हाच हिशेब केळीच्या खोडाला लावा. एक घड उतरला की खोड कापून बांधावर. जिल्ह्यात असे डोंगर लागतात. दर दोन वर्षांनी कुणीतरी पत्रकार परिषद घेतं, केळीपासून धागा, केळीपासून कागद. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, शंभर किलोतून धागा निघतो किलो-दीड किलो. म्हणजे ट्रॅक्टर भरून कारखान्यात न्यायचं तर तुम्ही पाणी वाहून नेताय, डिझेलचे पैसेही निघत नाहीत. यंत्र शेतात आलं पाहिजे, उरलेला चोथा तिथेच खतात गेला पाहिजे आणि धाग्याला बारमाही गिऱ्हाईक पाहिजे. हे गणित सोडवणारा रावेर-सावद्याचा पोरगा मला भेटला तर त्याच्या गळ्यात मीच हार घालेन. मात्र पत्रकार परिषदेच्या दिवशी नाही घालणार, तिसरी केळी निघाल्यावर घालेन.

विद्यापीठाने, जिल्हा परिषदेने किंवा एखाद्या रोटरीवाल्यांनी मनावर घेतलं तर हे आपल्याकडे सहज होईल. जुनी लाभार्थी यादी काढा. पाच वर्षांपूर्वी बसलेले पंप, ठिबकचे संच, बायोगॅस, हॉस्टेलवरची सोलर गिझरं यांतली शंभर ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि मे महिन्यात जाऊन बघा. चालू आहे का? बंद पडलं तेव्हा किती दिवसांत माणूस आला? पैसे मागितले का? कंपनी मुंबईची असो, चीनची असो की आमच्या शटरमधली, सगळ्यांना तीच फूटपट्टी. आमचा नंबर खालून पहिला आला तरी चालेल, निदान कुठे कमी पडतो ते कळेल. यादी तयार झाली की गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. हॉटेलचा खर्चही वाचेल.

तोवर सुरुवात इथेच करू. तुमच्या गावात बंद पडलेलं सोलर किंवा ठिबक फोनवर हजर होऊन दुरुस्त करणारा कुणी असेल, कंपनीचा असो वा खाजगी, तर फक्त नाव आणि गाव खाली लिहा. दोनच अटी आहेत भो: काम पाच वर्षांपूर्वीचं असावं, आणि कुणी स्वतःचं नाव स्वतः टाकू नये. मेव्हण्याकडूनही टाकून घेऊ नये.