रकाने भरले, गोष्ट कुठाय?

दिवाळी अंकाला कथा द्यायची म्हणून बसले आणि पुन्हा तोच मूर्खपणा केला. कुणीतरी फुकट वाटलेलं ‘प्लॉट टेम्प्लेट’, म्हणजे कथानक आखायचा रकान्यांचा तयार साचा, उतरवून घेतलं.

उघडलं की आधी रकाने. नायकाचं ध्येय. नायकाची जखम. नायकाच्या डोळ्यांचा रंग! अहो, माझी नायिका कुर्डुवाडीच्या स्टँडवर रात्रीच्या एसटीची वाट बघत बसलेली बाई आहे. जागरणाने तांबारलेत तिचे डोळे, लिहू का तेच? पर्याय आहेत निळा, हिरवा, हेझल.

त्यात कथानकाचे ते १५ टप्पे. मुळात ११० पानी हॉलिवुड पटकथेसाठी बेतलेले: १२व्या पानावर ठिणगी (गोष्ट सुरू करून देणारी घटना), ५५व्या पानावर मध्यबिंदू. माझी कथा सगळी मिळून ८ पानांची. ठिणगी काय, पहिला परिच्छेद संपायच्या आत पेटवू?

आणि मी तरी कुठे शहाणी! टॅगांना रंग दिले, पात्रांच्या नावापुढे इमोजी चिकटवले, वर पावसाळी खिडकीचा फोटो लावला. रात्रीचे दोन वाजले. प्रगतीची पट्टी म्हणते, ६४ टक्के पूर्ण. कशाचे ६४ टक्के, बाई? एक वाक्य लिहिलेलं नाही!

शेवटी लाइट बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने खरडलं: ‘एसटी आली, पण ती चढली नाही.’ का नाही चढली, ते मलाच अजून कळलेलं नाही. टेम्प्लेटला मात्र ते आत्ताच हवंय. ‘हेतू’चा रकाना रिकामा ठेवला की लाल अक्षरांत ओरडतं, ‘ही माहिती आवश्यक आहे.’