पुस्तकात असं नव्हतं

आमच्या घरात 'पुस्तकात असं नव्हतं' या वाक्याला दहा रुपये दंड आहे. सिनेमा लावायच्या आधी बायको चिवड्याचा रिकामा स्टीलचा डबा माझ्या कानाशी वाजवते आणि माझ्यासमोर टीपॉयवर आदळते.

परवा भाच्याने 'आय ॲम लेजंड' लावला. विल स्मिथचा, २००७चा. रिचर्ड मॅथेसनची मूळ कादंबरी १९५४ची. साथीच्या रोगाने माणसं मरतात नाहीतर रात्री हिंडणारी रक्तपिपासू भुतं होतात, आणि नेव्हिल नावाचा नायक एकटा उरतो, अशी गोष्ट. कॉलेजात असताना ती वाचून महिनाभर मी दिवेलागणीलाच खिडक्या लावून घेत होतो. आता अशा माणसाने गप्प कसं बसायचं?

पहिली दहा मिनिटं बसलो. ओसाड न्यूयॉर्क, टाइम्स स्क्वेअरमध्ये माजलेलं गवत, त्यातून पळणारी हरणं. खोटं का बोला, झकास आहे ते. मग कळलं की हा नेव्हिल लष्करातला मोठा विषाणूतज्ज्ञ, आणि तळघरात चकाचक लॅब.

"पुस्तकात तो कारखान्यात कामाला असतो," मी म्हणालो. "लायब्ररीतून पुस्तकं आणून रक्ताचा अभ्यास करतो बिचारा. पहिला मायक्रोस्कोप आणतो तोही भिकार निघतो!"

दहा रुपये.

"खिडक्यांना लसणाच्या माळा बांधतो. लसूण स्वतः पिकवतो."

"मग दाखवायचा की लसूण," आई म्हणाली. तिला दंड नाही. ज्येष्ठ नागरिक.

मग ती भुतं आली. कंप्युटरवर केलेली, सगळी एका साच्यातली, कातडी भिजल्या साबुदाण्यासारखी, आणि जबडा फाकवून नुसती कोकलतात. भाचा मोबाइल बघायला लागला. इथे मात्र माझा तोल गेला. पुस्तकात दाराशी येतो तो बेन कॉर्टमन! नेव्हिलचा शेजारी. एकाच गाडीने दोघं कामावर जायचे. दिसायला लॉरेल-हार्डीतल्या हार्डीसारखा. आणि हा गुबगुबीत गृहस्थ रोज रात्री अंगणात उभा राहून एवढंच ओरडतो, "बाहेर ये, नेव्हिल!" आमच्या सोसायटीत रात्री अकराला खालून "कुलकर्णी, गाडी काढा!" अशी हाक आली की माझ्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही. अनोळखी भूत परवडलं. ओळखीच्या माणसाला दार उघडायचं नाही म्हणजे काय, हे त्या कोकलणाऱ्या कळपाला काय कळणार?

तीस रुपये झाले. बायकोच्या मते हाकेची नक्कल वेगळी धरायची.

कुत्री मेली तेव्हा सगळे रडले. मीही रडलो, पण मनात म्हटलं, इथे ती लेकीने दिलेली, लाडाची. तिकडे कुठलंसं भटकं कुत्रं, दूध नि खाणं ठेवून ठेवून दिवसेंदिवस चुचकारलेलं, शेवटी घरात येतं आणि आठवड्याभरात मरतं. हे मनातच म्हटलं. चाळीस वाचले... म्हणजे दहा.

शेवटी नायक औषध दुसऱ्याच्या हाती सोपवतो, हातबॉम्ब फोडून मरतो आणि 'लेजंड', म्हणजे दंतकथेतला वीर, ठरतो. झालं! अहो, पुस्तकात रोगासकट जगायला शिकलेल्या नव्या माणसांच्या लेखी नेव्हिल हाच राक्षस असतो. दिवसाढवळ्या येतो नि झोपलेल्यांना मारून जातो. लेजंड म्हणजे त्यांचा बागुलबुवा! अख्खी कादंबरी ज्या शब्दासाठी लिहिली, तोच यांनी हार घालून भिंतीवर टांगला. बरं, भुतांना माणूसपण देणारा एक शेवट यांनी चित्रितही केला होता. प्रदर्शनाआधी चाचणीसाठी सिनेमा दाखवलेल्या प्रेक्षकांना तो रुचला नाही म्हणून बदलला. त्यातला एकही प्रेक्षक मला भेटू नये.

एवढं सगळं मी एका दमात बोललो. डबा भरत आला. बायको दिवे मालवायला उठली, भाचा कधीच झोपला होता.

"पण काय रे," अंथरुणावर पडल्या पडल्या आई म्हणाली, "त्या शेजाऱ्याचं पुढे काय झालं?"

मी आधी पन्नासची नोट डब्यात टाकली आणि खुर्ची तिच्या कॉटजवळ ओढली.