फोल्डर कॉपी केलं, म्हणजे बॅकअप झाला?

स्वतःच्या सर्व्हरवर अ‍ॅप्स चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: "डॉकरचं व्हॉल्यूम फोल्डर रोज रात्री आरसिंकने दुसऱ्या डिस्कवर टाका, खाली रेड लावा, विषय संपला. डंप, रिस्टोअरची तालीम वगैरे मोठ्या कंपन्यांची थेरं." (डॉकर म्हणजे प्रत्येक अ‍ॅप 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन, व्हॉल्यूम म्हणजे त्याच्या डेटाचं फोल्डर. आरसिंक फाइली कॉपी करतो, रेड म्हणजे इथे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर ठेवणं, डंप म्हणजे डेटाबेसमधली माहिती फाइलीत काढणं, आणि रिस्टोअर म्हणजे बॅकअपमधून सगळं परत उभं करणं.) मीही बरेच दिवस हेच करत होतो, त्यामुळे जरा अधिकाराने बोलतो.

"फोल्डर आलं की सगळं आलं." फोटो आणि पीडीएफ असतील तर आलं. पण फाइली ठेवणारं नेक्स्टक्लाउड असो की फोटो ठेवणारं इमिच, पोटात डेटाबेस असतो, आणि चालू डेटाबेसच्या फाइली क्षणभरही स्वस्थ नसतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या नोंदवहीत नोंदवतो आणि मूळ फाइलींत मागाहून सवडीने उतरवतो. आरसिंक मात्र एकेक फाइल उचलत जातो. पहिली दोन वाजताची, शेवटची दोन वाजून सात मिनिटांची. हाती येतो तो डेटाबेस प्रत्यक्षात कधी तसा नव्हताच. माझी डिस्क गेली तेव्हा अशीच प्रत नव्या मशीनवर ठेवली. कंटेनर उठायचा, पडायचा, पुन्हा उठायचा, आणि लॉगमध्ये तीच ओळ: वैध चेकपॉइंट रेकॉर्ड (म्हणजे कुठून सावरायचं ती खूण) सापडत नाही. फोल्डरचा आकार अगदी बरोबर होता, हे विशेष!

खरं तर पोस्टग्रेससोबत येणारा पीजी_डंप हा प्रोग्रॅम चालू डेटाबेसमधूनच एका क्षणाचं सुसंगत चित्र काढतो, कुणाला बाहेर काढावं लागत नाही. मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये इनोडीबी प्रकारच्या टेबलांसाठी डंपला सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावायचा. शिवाय पोस्टग्रेसच्या आवृत्ती 15 चं डेटा फोल्डर 16 वर तसंच्या तसं चालत नाही, डंप चढतो. फोल्डरच कॉपी करायचं असेल तर आधी कंटेनर थांबवा, तेही चालतं.

"एसक्यूलाइट असेल तर एकच फाइल, तिथे काय बिघडणार?" एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वॉल मोडमध्ये असेल तर ताजे बदल शेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड आहे, ती वापरा.

"खाली रेड आहे." एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालू राहावा, एवढ्यासाठी रेड. चुकून पुसलेलं फोल्डर तो इमानेइतबारे दोन्ही डिस्कवरून पुसतो. आरसिंकला डिलीटचा पर्याय लावला असेल तर रात्री तिसरीवरूनही जातं. रेस्टिक किंवा बोर्गसारखं जुन्या तारखांच्या प्रती ठेवणारं काहीतरी हवं, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत. 10 मार्च 2021 रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांच्या प्रतीही तिथेच होत्या त्यांच्या त्याही गेल्या.

"डेटा वाचला की अ‍ॅप काय, पुन्हा टाकता येतं." गिटलॅब या कोड साठवण्याच्या अ‍ॅपची बॅकअप कमांड सीक्रेट्सची फाइल मुद्दामच घेत नाही, कारण डेटाबेसमधल्या एन्क्रिप्ट केलेल्या माहितीच्या किल्ल्या तिच्यात असतात. ती वेगळी ठेवली नसेल तर डेटा परत येतो, पण टू-फॅक्टर (दुहेरी पडताळणी) लावलेले लोक दाराबाहेर. रेस्टिकचा पासवर्डही (तो नसेल तर बॅकअप उघडत नाही) त्याच सर्व्हरवर ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

राहिली "थेरं". 31 जानेवारी 2017 ला खुद्द गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसचंच फोल्डर पुसलं. बॅकअप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. पीजी_डंप 9.2 चा, डेटाबेस 9.6 चा, म्हणून डंप होतच नव्हता, आणि तसं सांगणारे ईमेल पोचत नव्हते. वाचले ते सुमारे सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीमुळे. एकदा जरी रिस्टोअर करून पाहिलं असतं तर रिकामी जागा तेव्हाच दिसली असती.

मी आता दर तीन महिन्यांनी रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर सगळं उभं करतो, लॉगिन करतो, आदल्या आठवड्यातली एखादी फाइल उघडतो. पहिल्याच खेपेला डंप अडकला: डेटाबेसचा रोलच (वापरकर्त्याचं खातं) तिथे नव्हता. पीजी_डंप रोल्स घेत नाही, हे मला तेव्हा कळलं. आता पीजी_डंपऑलने ते रोज वेगळे निघतात.